खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी १९२६ – १४ ऑगस्ट १९८४) हे स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे मराठी मल्ल होते. त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्याने कुस्तीचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले.

तांबड्या मातीत प्रतिस्पर्ध्याला चीतपट करणे हेच मल्लाचे ध्येय असे; ऑलिंपिकमध्ये मात्र गादी, ठरावीक वेळ आणि निराळे नियम होते. गादीचा फारसा सराव नसतानाही १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. त्यानंतर ढाक हा आपला हुकमी डाव कायम ठेवून त्यांनी गादीवरील कुस्ती आत्मसात केली. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. तेथे १९५२ साली खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक पटकावले.

१९५५ साली ते पोलीस दलात रुजू झाले. रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. भारताला पुढचे वैयक्तिक पदक ४४ वर्षांनी, १९९६ साली मिळाले. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला.