प्रेमचंद रायचंद : २,८५० रुपयांचा शेअर ८७ रुपयांवर येतो तेव्हा

मुंबईच्या फोर्ट भागातील राजाबाई टॉवर हे एका दलालाच्या आईचे स्मारक आहे, हे त्याखालून रोज जाणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. तो दलाल म्हणजे प्रेमचंद रायचंद. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत कापसाच्या आणि शेअर बाजाराच्या राजाचा मान त्यांना मिळाला होता. बँकेच्या शेअरचा भाव किती चढतो, किती कोसळतो आणि का कोसळतो, याचा या शहराला मिळालेला पहिला मोठा धडाही त्यांच्याच चरित्रात दडलेला आहे.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ मध्ये सुरतेतील एका जैन कुटुंबात झाला. वडील व्यापारासाठी मुंबईत आले आणि मुलाचे शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत झाले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा दलाल त्या काळी विरळाच. १८४९ च्या सुमारास त्यांनी दलालीत पाऊल टाकले, तेव्हा मुंबईत शेअर दलाल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि टाउन हॉलसमोरील वडाच्या झाडाखाली त्यांचे व्यवहार चालत. तल्लख स्मरणशक्ती, माणसांची पारख आणि इंग्रज अधिकाऱ्यांशी थेट बोलण्याची क्षमता यांच्या बळावर प्रेमचंद लवकरच सर्वांच्या पुढे गेले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर मुंबईकडे वळली. कापसाचे भाव गगनाला भिडले, शहरात पैशाचा पूर आला. त्याला वाट हवी होती. नवनव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. दलालांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या ५,००० रुपये भरणा झालेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या घरात पोहोचला. यांतील अनेक कंपन्यांमागे प्रेमचंद होते. त्यांचा हात लागलेला शेअर चढतोच, अशी लोकांची श्रद्धा झाली होती.

या खेळाच्या केंद्रस्थानी होती १८४० मध्ये स्थापन झालेली, सरकारचाही भाग असलेली बँक ऑफ बॉम्बे. १८६३ च्या कायद्याने तिच्या कर्जव्यवहारावरील जुनी बंधने सैल झाली आणि शेअरच्या तारणावर कर्ज देण्याचा मार्ग मोकळा झाला. बँकेच्या कारभाऱ्यांवर प्रेमचंद यांचे विलक्षण वजन होते. त्यांच्या शब्दावर कर्जे मंजूर होत. त्या पैशांतून शेअर घेतले जात, भाव चढत आणि चढलेल्या भावाच्या तारणावर आणखी कर्ज निघे. तेजीत खुद्द बँकेचा शेअर २,८५० रुपयांवर गेला.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्यात जमा झाले आणि कापसाचे भाव ओसरले. १ जुलै १८६५ रोजी शेकडो वायद्यांची मुदत भरली, पण ना घेणाऱ्याकडे पैसा होता, ना देणाऱ्याकडे. बॅक बेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली घसरला. बँक ऑफ बॉम्बेच्या शेअरला पुढे ८७ रुपयेच मिळू लागले. म्हणजे जवळपास ९७ टक्के घसरण. ८७ वरून पुन्हा २,८५० वर जायचे, तर भाव सुमारे तेहतीस पट व्हायला हवा. पडझड आणि भरपाई यांचे गणित कधीच सारखे नसते.

आज अशी चंचलता मोजण्याची रीत ठरलेली आहे. भावातील रोजचा बदल टक्केवारीत मांडायचा, त्या बदलांची सरासरी काढायची आणि प्रत्येक दिवस त्या सरासरीपासून किती दूर गेला यावरून प्रमाण विचलन काढायचे. व्यवहाराचे वर्ष २५२ दिवसांचे धरून त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १६ ने, गुणले की वार्षिक आकडा मिळतो. रोजचे विचलन १ टक्का असेल, तर वार्षिक सुमारे १६ टक्के. मात्र या मापाची एक मर्यादा आहे. रोज जवळजवळ सारख्याच गतीने चढणारा शेअर या हिशेबात शांत दिसतो, कारण त्याचे दिवस सरासरीपासून फारसे ढळत नाहीत. तो ज्या पायावर उभा आहे तो पोकळ असल्याचे हा आकडा सांगत नाही.

बँकेच्या बाबतीत हा पाया पाहणे अधिकच गरजेचे. शंभर रुपयांच्या कर्जांमागे बँकेचे स्वतःचे दहा रुपये असतील, तर पाच रुपयांची कर्जे बुडताच निम्मे भांडवल संपते. त्यातही तारण एकाच जातीचे असेल, तर सारी कर्जे एकाच दिवशी डळमळतात. बँक ऑफ बॉम्बेचे तेच झाले. कर्ज घेणारा, त्याचे तारण आणि बँकेचा शेअर हे तिन्ही एकाच तेजीच्या दोरीला लटकले होते.

बँकेचे बहुतेक भांडवल बुडाले. १८६८ मध्ये ती गुंडाळली गेली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने चौकशी केली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि तिचीच १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. प्रेमचंद स्वतः नादार झाले. असंख्य कुटुंबे देशोधडीला लागली आणि त्याचा दोष त्यांच्या माथी आला. तो सर्वस्वी अन्यायाचा होता, असे म्हणता येणार नाही.

तरीही त्यांची कहाणी तेथे संपत नाही. त्यांनी शहर सोडले नाही. पुन्हा दलाली सुरू केली आणि १८७५ मध्ये स्थापन झालेल्या शेअर दलालांच्या संघटनेच्या संस्थापकांत त्यांचे नाव आले. तीच संघटना पुढे मुंबई शेअर बाजार झाली. तेजीच्या दिवसांत, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये दिले होते. कलकत्ता विद्यापीठातील त्यांच्या नावाची शिष्यवृत्तीही त्यांच्याच देणगीतून उभी राहिली. आईचे नाव धारण करणारा मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा दात्याचे वैभव ओसरून एक तप उलटले होते. १९०६ मध्ये प्रेमचंद निवर्तले.

त्यांनी चढवलेल्या भावांपैकी एकही टिकला नाही. जे देऊन टाकले, तेवढेच टिकले. बँकेचा शेअर घेताना भावाची चंचलता जरूर मोजावी, पण त्याआधी बँकेने कोणाला, किती आणि कशाच्या तारणावर कर्ज दिले आहे हे पाहावे. राजाबाई टॉवरखालून जाताना एवढी आठवण ठेवली तरी पुरे.