खराटा हाती घेतलेला साधु

बालमित्रांनो, शौचास जाण्याची गोष्ट निघाली की तुम्ही हसू लागता, आणि वडील माणसे तुम्हांस दटावितात. परंतु शास्त्राने हा विषय लाजिरवाणा मानिलेला नाही. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांस आज्ञा आहे की, छावणीबाहेर एक जागा नेमावी, खणण्याचे साधन जवळ बाळगावे, आणि आपला मळ मातीने झाकावा. कारण परमेश्वर छावणीतून फिरत असतो. हीच गोष्ट आमच्या महाराष्ट्रात एका निरक्षर पुरुषाने जन्मभर शिकविली. त्यांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सांगतो.

गाडगे महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परिटाच्या घरी झाला. बाप दारूच्या व्यसनाने लवकर वारला. आई सखूबाई मुलास घेऊन दापुरे गावी माहेरी राहिली. तेथे डेबूजीने गुरे राखिली, शेती केली, आणि कर्ज व व्यसन ही कुटुंबाचा कसा नाश करितात हे डोळ्यांनी पाहिले. पुढे विवाह झाला, मुले झाली. तथापि १९०५ साली त्यांनी घर सोडिले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हाती खराटा आणि एक फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. तेच गाडगे ते डोक्यावर घालीत आणि त्यातच भाकरी खात. त्यावरूनच लोकांनी त्यांस हे नाव दिले.

त्यांची रीत पाहून लोक चकित होत. साधु गावात आला म्हणजे पाया पडून घेतो आणि भोजनाची वाट पाहतो, असा लोकांचा अनुभव. हे गृहस्थ आले की प्रथम रस्ते व गटारे झाडावयास लागत. कोणी पाया पडू गेला तर काठी उगारीत. दिवसभर गावातील घाण काढावी आणि रात्री कीर्तनात लोकांच्या मनातील घाण काढावी, हा त्यांचा क्रम. कीर्तनात ते श्रोत्यांसच प्रश्न विचारीत. दारू, कर्ज, शिवाशीव आणि देवापुढे पशु मारणे यांविषयी लोकांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे असता त्यांस एकुलता पुत्र वारल्याची वार्ता कळली. तरी त्यांनी आपले काम थांबविले नाही.

पंढरपूरची गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आषाढीस तेथे लाखो यात्रेकरू जमत, आणि पुष्कळ जण चंद्रभागेच्या वाळवंटातच शौचास बसत. पाऊस पडला की ती घाण वाहून नदीत जाई. तेच पाणी लोक तीर्थ म्हणून पीत, आणि महामारीची साथ यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरे. महाराज पंढरीस जात. पण देवळात न शिरता ते वाळवंट झाडीत. लोक जी घाण टाकून पुण्य जोडण्यास आत जात, ती बाहेर हा मनुष्य उचलीत असे.

येथे आमच्या वाचकांनी थांबून विचार करावा. घाण करणारा सोवळा आणि ती काढणारा ओवळा, हा न्याय आपल्या देशात शेकडो वर्षे चालला. ज्यांच्या वाडवडिलांनी गावची घाण डोक्यावरून वाहिली, त्यांस याचे दुःख सांगावयास नको. महाराजांनी तेच काम आपखुशीने पत्करून या न्यायाचे खोटेपण सर्वांस दाखविले. पंढरपुरास महार यात्रेकरूंस कोणी उतरू देत नसे. त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावे धर्मशाळा बांधविली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. धर्मशाळांसाठी लाखो रुपये जमले, परंतु त्यांतील पैसाही त्यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी घेतला नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीस जात असता वाटेतच त्यांचा देहान्त झाला. पुढे २००० साली महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावे ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. आणि २०१३ च्या कायद्याने मनुष्याकडून हातांनी मैला काढविणे हा गुन्हा ठरला.

न्हावा-शेव्याकडील बंधुभगिनींस आमचे एक सांगणे आहे. तुमच्या किनाऱ्यावर १९८९ पासून मोठे बंदर चालू आहे. देशोदेशीची जहाजे तेथे लागतात. तरी खाडीचा धर्म पूर्वीचाच आहे. ओहोटी जी घाण नेते ती भरती परत आणिते, आणि ज्या चिखलात ती मुरते त्याच चिखलातून आपण खुबे व कालवे वेचून आणितो. उपदेशक बंधूंनी रविवारी उपासनेपूर्वी मंदिराचे आवार कोण झाडितो हे पाहावे. ते काम नेहमी एकाच घराकडे, किंवा केवळ स्त्रियांकडे असेल, तर पुढील रविवारी खराटा प्रथम उपदेशकाने स्वतःच्या हाती घ्यावा.