नगरांचा वैद्य : पॅट्रिक गेडीस

गिरगावातून डोंगरीकडे जाणारा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग पूर्वी सँढर्स्ट रोड या नावाने ओळखला जाई. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. तेव्हा नगरसुधारणेसाठी १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व त्याने दाट वस्तीतील घरे पाडून असे रुंद रस्ते काढले. उजेड आला, वारा आला. परंतु ज्यांची बिऱ्हाडे मोडली, त्यांतील कित्येक शेजारच्या वस्तीत अधिकच दाटीने राहू लागले. मग रोग हटवावा, पण माणसे बेघर होऊ नयेत, हे साधावे कसे?

या प्रश्नाचा ध्यास घेतलेले पॅट्रिक गेडीस २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मले. (महात्माजींची जन्मतिथीही हीच.) ते मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. १८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोत असता त्यांची दृष्टी गेली व कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या तरुणाला ही केवढी शिक्षा! एके दिवशी चाचपडताना खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांना लागल्या. प्रत्येक चौकटीत एकेक विषय कल्पिला, तर त्यांचे परस्परसंबंध मनापुढे उभे राहतील, असे त्यांना सुचले. दृष्टी परत आली. परंतु कागदाला घड्या घालून विचार मांडण्याची सवय जन्मभर राहिली.

१९१४ साली ते भारतात आले. नगररचनेचे नकाशे व चित्रे यांचे त्यांचे प्रदर्शन मागून बोटीने येत होते. ती बोट एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविली! गेडीस डगमगले नाहीत. मित्रांनी नवी सामग्री जमविली व १९१५ च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरले.

गावात गेले की ते गल्लीबोळांतून पायी हिंडत. विहीर, तळे, देऊळ, झाड, पडके घर, मोकळी जागा, सारे पाहून नकाशावर टिपीत. मग मोजकीच पडकी घरे काढली, तरी वस्तीला वारा मिळतो, असे ते दाखवून देत. आज संगणकावर रस्ते, पाणी, घरे यांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहतात. त्या विद्येला भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतात. गेडीसांजवळ संगणक नव्हता; पाय, डोळे आणि कागद होते.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. ज्येष्ठ पुत्र महायुद्धात मारला गेला. पत्नी कलकत्त्यात रुग्णशय्येवर होती. तिला ही वार्ता त्यांनी कळू दिली नाही. थोड्याच दिवसांत तीही निवर्तली. तरीही त्याच वर्षी प्लेगग्रस्त इंदूरमध्ये त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजिली. ज्या रस्त्यावर अधिक घरे स्वच्छ व दुरुस्त, त्या रस्त्याने मिरवणूक जाणार, असे जाहीर होताच घरोघरी झाडलोट सुरू झाली.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला. गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक. मालवणचे तरुण गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनी पुढील शिक्षणासाठी विलायतेस जाण्यास निवडले. प्रकृती ढासळल्याने १९२४ साली गेडीस मुंबई सोडून गेले, आणि विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. १९३२ साली फ्रान्समध्ये गेडीसांचे निधन झाले.