बहिणाबाईंची मोट आणि ऊर्जेचं गणित

स्थितिज आणि गतिज ऊर्जा शाळेत डोक्यावरून गेली? मग बोदवडकरांच्याच जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाई चौधरींकडे बघा. १८८० मध्ये आसोद्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तरुणपणीच वैधव्य. अक्षरओळख नाहीच, गाणी सुचायची ती घरकाम, शेतकाम करताना.

त्यातलं एक मोटेवरचं. विहिरीवर बैल उतरत्या धावेवरून चालतात, तेव्हा त्यांचं वजनही नाडा ओढतं. बैलांची स्थितिज ऊर्जा घटते, वर येणाऱ्या पाण्याची वाढते. तेच पाणी पाटातून उताराला धावलं की गतिज ऊर्जा! फुकट काही नाही बरं का, परतीचा चढ बैलांनाच चढायचा असतो.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी जपलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये छापली गेली. न लिहिलेली त्यांच्यासोबतच गेली.