रेव्हरंड टिळक : ‘ज्ञानोदय’ ते ‘देवाचा दरबार’

मराठी काव्याच्या इतिहासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे स्थान ‘फुलांमुलांचे कवी’ या बिरुदाने जणू कायमचे ठरून गेले आहे. त्यांची निसर्गकविता आणि गृहकविता पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचविली. परंतु या लौकिकाच्या छायेत त्यांच्या जीवनकार्याचे दुसरे अंग काहीसे झाकले गेले. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ते ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती साप्ताहिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. ख्रिस्तावरील श्रद्धा मराठी माणसाने आपल्या भाषेत, आपल्या घरात आणि आपल्या देशात कशी जगावी, हा त्यांच्या लेखणीपुढील प्रश्न होता. त्यांच्या उत्तरायुष्यातील महत्त्वाच्या वळणांचा अर्थ या एका प्रश्नाच्या संदर्भात लागतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील सरकारी नोकरीत होते. आई लहानपणीच निवर्तली आणि मुलाची पावले घराबाहेर पडली. नाशिकमध्ये गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला; याच पुढे लक्ष्मीबाई टिळक होत. त्यानंतरची वर्षे गावोगावच्या भ्रमंतीत, अल्पकाळच्या नोकऱ्यांत, कीर्तनप्रवचनांत आणि काव्यरचनेत गेली. नागपूरचे धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले. परंपरागत आचारधर्माबद्दल, विशेषतः जातिभेदाबद्दल, त्यांचे मन याच काळात अस्वस्थ झाले होते.

१८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका पाश्चात्त्य सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि त्याच्याकडून बायबलच्या नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती आली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच वाचकाची वृत्ती पालटली. पुढील दोन वर्षे अभ्यासात, पत्रव्यवहारात आणि अंतःकलहात गेली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळींशी त्यांचा संबंध आला. मराठी संतांच्या चरित्रांची इंग्रजी भाषांतरे पुढे करणारे जस्टिन अ‍ॅबट हे त्यांपैकीच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो भारतीय पाळकाच्या हातून घेण्याचा त्यांचा आग्रह पुढील सर्व भूमिकेची पहिली खूण मानता येईल.

या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. लक्ष्मीबाईंना या घटनेने जबर धक्का बसला. लहानग्या दत्तूसह त्या काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सांभाळले. जातिभेद निरर्थक आहे, या निर्णयापर्यंत त्या स्वतःच्या विचाराने पोहोचल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सारा कालखंड विनोदाच्या आणि क्षमाशील वृत्तीच्या प्रकाशात आला असला, तरी त्यामागील यातना लपत नाहीत. श्रद्धा जगणे म्हणजे एकाच छपराखाली दोन आचारांना नांदू देणे, हा धडा टिळकांना ग्रंथांआधी संसाराने शिकविला.

अहमदनगर हे त्यांचे दीर्घकाळचे कार्यक्षेत्र झाले. तेथील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्यांचे घर अनाथ मुलांना, विद्यार्थ्यांना आणि होतकरू कवींना सदैव खुले होते. बालकवी ठोमरे याच घरात काही काळ वाढले. पाहुण्यांच्या आणि आश्रितांच्या या गर्दीत पैशाचा मेळ क्वचितच बसे. तो बसविण्याची जबाबदारी बहुधा लक्ष्मीबाईंवर येई.

‘ज्ञानोदय’ हे पत्र अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केले. बाबा पदमनजींसारख्या लेखकांच्या लेखनाने ख्रिस्ती मराठी गद्याची घडण या पत्रातून झाली होती. तथापि मिशनच्या मराठीवर भाषांतराची छाप होती आणि तिचा मुख्य रोख वादविवादाकडे होता. टिळकांनी पत्र हाती घेतले तेव्हा त्यांच्यासमोर दोन वाचकवर्ग होते. एक, पिढ्यान्‌पिढ्यांचे अपमान मागे टाकून आलेला ग्रामीण ख्रिस्ती समाज. दुसरा, ख्रिस्ती होणे म्हणजे परकीय होणे असे मानणारा सुशिक्षित हिंदू. पहिल्याला आत्मसन्मान द्यावयाचा आणि दुसऱ्याचा गैरसमज दूर करावयाचा, या दुहेरी कार्याला प्रासादिक, घरगुती आणि तरीही प्रौढ अशी भाषा हवी होती. संस्कृताचे संस्कार आणि कीर्तनाची सवय यांमुळे ती टिळकांपाशी सिद्ध होती.

ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची धारणा होती. ज्ञानेश्वर-तुकारामांची भक्ती त्यांना मागे टाकण्याची वस्तू वाटली नाही. मराठी मनाला मिळालेला तो पूर्वसंस्कार आहे, असे ते मानीत. ‘अभंगांजली’तील रचना आणि उपासनेसाठी लिहिलेली शेकडो पदे या दृष्टीची फळे होत. परभाषेतील चालींवर बसविलेल्या स्तोत्रांच्या जागी अभंग आणि भजन आले, तेव्हा खेड्यातील उपासक प्रथमच आपल्या गळ्याने प्रार्थना करू लागला. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने १६१६ मध्ये ओवीला ख्रिस्तकथेची वाट दाखविली होती. ‘ख्रिस्तायन’ हे टिळकांचे ओवीबद्ध महाकाव्य त्याच वाटेवरील होय. त्याचे दहा-अकरा अध्याय झाले आणि कवीचे आयुष्य संपले. पुढील ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले.

लेखनातून सांगितलेला विचार आचरणात उतरावयाचा, तर मिशनच्या वेतनाचा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. स्वावलंबी भारतीय ख्रिस्ती समाजाची अपेक्षा बाळगणारा संपादक स्वतः परदेशी देणगीवर जगत होता. टिळकांनी ही विसंगती ओळखली. १९१७ साली मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात समान मानले जावयाचे होते. ही कल्पना चर्चच्या सीमारेषेलाच हात घालणारी होती. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व मान्य केले, तर मंडळीच्या सभासदत्वाला अर्थ काय उरतो, ही परंपरानिष्ठांची शंका अगदीच निराधार नव्हती. उलट, बाप्तिस्म्याबरोबर जात, घर आणि आप्त यांचा त्याग अपरिहार्य होत असेल, तर असंख्य भक्त उंबरठ्यावरच राहणार, हे टिळकांनी स्वानुभवाने जाणले होते. संन्यासाच्या त्यांच्या कल्पनेत संसाराचा त्याग नव्हता, मालकीच्या भावनेचा त्याग होता. मात्र निश्चित मिळकत गेल्यावर घर कसे चालवावे, ही विवंचना पुन्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्यास आली.

टिळकांचा हा प्रयत्न एकाकी नव्हता. तमिळ प्रदेशात १९२१ साली तिरुपत्तूर येथे ख्रिस्तुकुल आश्रम उभा राहिला. मद्रासमध्ये चक्करै आणि चेंचय्या यांनी भारतीय विचारपरंपरेच्या आधारे ख्रिस्ती श्रद्धेची नवी मांडणी केली. १९३८ साली मद्रासमध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात त्या मंडळाच्या विचाराने प्रौढ रूप धारण केले. मद्रासच्या विचारवंतांनी हा प्रश्न मुख्यतः तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत सोडविला. महाराष्ट्रात त्याआधीच तो पदातून, कीर्तनातून आणि वृत्तपत्रीय गद्यातून मांडला गेला होता. हा फरक भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात ध्यानात घेण्याजोगा आहे.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. ‘देवाचा दरबार’ त्यांच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही. व्यक्तीच्या तेजावर उभ्या राहणाऱ्या संघांची हीच गती होते. शिवाय दरबाराला बाळसे धरण्यास अवघी दोन वर्षे मिळाली. परंतु त्यांची पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत कायमची रुजली. ‘ख्रिस्तायन’ पत्नीच्या हातून पुढे गेले, आणि त्यांच्या सहजीवनाची कथा मराठीतील एका श्रेष्ठ आत्मचरित्राचा विषय झाली. टिळकांनी मांडलेल्या प्रश्नाचे उत्तर संस्थेने पूर्णतः दिले नाही. ते भाषेने दिले. ख्रिस्ती अनुभव मराठीत परका राहिला नाही, आणि मराठी भक्तिपरंपरेचा एक प्रवाह रविवारच्या उपासनेत वाहू लागला, हे त्यांच्या साधनेचे टिकाऊ फळ होय.