आल्बर्ट किंग

आल्बर्ट किंग (जन्मनाव: आल्बर्ट नेल्सन, २५ एप्रिल, १९२३ – २१ डिसेंबर, १९९२) हे अमेरिकन ब्लूज गिटारवादक, गायक आणि गीतकार होते. बी.बी. किंग, फ्रेडी किंग आणि आल्बर्ट किंग या तिघांना ब्लूज गिटारचे 'तीन किंग' म्हटले जाते. मात्र त्यांचे एकमेकांशी नाते नव्हते. आल्बर्ट किंग डावखुरे होते. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली गिटार ते तारांचा क्रम न बदलता उलटी धरून वाजवीत. या पद्धतीमुळे आणि सैल लावलेल्या तारा खेचून स्वर वर नेण्याच्या कौशल्यामुळे त्यांच्या वादनाला एक स्वतंत्र ओळख मिळाली. १९६७ साली प्रसिद्ध झालेला 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हा त्यांचा सर्वाधिक परिचित संग्रह होय. एरिक क्लॅप्टन, स्टीव्ही रे व्हॉन यांच्यासारख्या पुढील पिढीतील रॉक व ब्लूज गिटारवादकांवर त्यांचा मोठा प्रभाव आहे.

सुरुवातीचे जीवन

आल्बर्ट यांचा जन्म अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात झाला. आपले जन्मगाव इंडियनोला असल्याचे ते सांगत. १९४२ साली सामाजिक सुरक्षा क्रमांकासाठी केलेल्या अर्जात मात्र त्यांनी याच राज्यातील अॅबरडीन या गावाची नोंद केली होती आणि आल्बर्ट नेल्सन अशी सही केली होती. त्यांचे वडील विल नेल्सन गिटार वाजवीत. आल्बर्ट आठ वर्षांचे असताना कुटुंब आर्कान्सा राज्यातील फॉरेस्ट सिटीच्या परिसरात राहायला गेले. तेथे ते भावंडांसोबत कापूस वेचणीच्या कामाला जाऊ लागले. चर्चमधील भक्तिगीते आणि आसपासच्या वादकांचे ब्लूज ऐकतच ते मोठे झाले.

त्यांना गिटारचे शिक्षण देणारे कोणी नव्हते. सिगारच्या रिकाम्या खोक्याला तार लावून त्यांनी पहिले वाद्य घरीच तयार केले. पुढे त्यांनी सव्वा डॉलरला खरी गिटार विकत घेतली, पण ती उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी होती. डावखुरे वादक सहसा अशा गिटारच्या तारा काढून उलट क्रमाने लावतात. आल्बर्ट यांनी तसे केले नाही. त्यांनी गिटार आहे तशीच उलटी धरली आणि त्याच अवस्थेत ते वाजवायला शिकले. ही सवय त्यांनी आयुष्यभर कायम ठेवली.

कारकिर्दीची सुरुवात

प्रारंभीच्या काळात आल्बर्ट यांनी आर्कान्सामधील ऑसिओला येथे 'इन द ग्रूव्ह बॉइज' या वाद्यवृंदात काम केले. संगीतावर उदरनिर्वाह होत नसल्याने त्यांनी इतरही कामे केली. त्यांपैकी एक काम बुलडोझर चालवण्याचे होते. ते सहा फुटांहून उंच व धिप्पाड होते, पण त्यांचा गायनाचा आवाज मऊ होता. त्यामुळे पुढे त्यांना 'द व्हेल्व्हेट बुलडोझर' हे टोपणनाव मिळाले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीस ते इंडियाना राज्यातील गॅरी या औद्योगिक शहरात गेले. तेथे त्यांनी काही काळ जिमी रीड यांच्यासोबत ड्रम वाजवले.

१९५३ साली शिकागोच्या पॅरट कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. त्याआधी बी.बी. किंग यांचे 'थ्री ओक्लॉक ब्लूज' हे गाणे खूप गाजले होते. याच सुमारास आल्बर्ट नेल्सन यांनी 'किंग' हे आडनाव घेतले. आपण बी.बी. किंग यांचे सावत्र भाऊ असल्याचेही ते काही काळ सांगत असत. इंडियनोलाशी बी.बी. यांचा जवळचा संबंध होता आणि त्यांच्या वडिलांचे नावही आल्बर्ट होते, त्यामुळे अनेकांना हे खरे वाटले. बी.बी. किंग यांनी असे नाते असल्याचे नाकारले. पुढे आल्बर्ट यांनी आपल्या गिटारचे नावही 'लूसी' असे ठेवले, बी.बी. यांच्या गिटारचे नाव 'लूसील' होते. दुसऱ्याच्या प्रसिद्धीच्या आधाराने सुरुवात करणाऱ्या या वादकाची शैली मात्र बी.बी. किंग यांच्याहून पुष्कळ वेगळी होती.

पहिल्या ध्वनिमुद्रिकेतून विशेष यश मिळाले नाही. १९५६ साली ते सेंट लुईस शहरासमोर, मिसिसिपी नदीच्या पलीकडील ब्रुकलिन (इलिनॉय) या गावी आले. या भागातील क्लबांमधून त्यांचे नाव हळूहळू पसरू लागले. बॉबिन या स्थानिक कंपनीसाठी त्यांनी अनेक गाणी ध्वनिमुद्रित केली. 'डोन्ट थ्रो युअर लव्ह ऑन मी सो स्ट्राँग' हे त्यांचे गाणे १९६१ साली ऱ्हिदम अँड ब्लूज गाण्यांच्या यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. तेव्हा ते ३८ वर्षांचे होते.

स्टॅक्स आणि व्यापक प्रसिद्धी

१९६६ साली किंग यांनी मेम्फिस येथील स्टॅक्स या कंपनीशी करार केला. स्टॅक्सची ओळख सोल संगीतासाठी होती. बुकर टी. अँड द एमजीज हा कंपनीचा नेहमीचा वाद्यवृंद आणि मेम्फिस हॉर्न्स हे फुंकवाद्य वाजवणारे कलाकार त्यांच्या साथीला होते. सोल संगीताची घट्ट, ठाशीव लय आणि त्यावर ब्लूज गिटारचे मोकळे स्वर असा मेळ या ध्वनिमुद्रणांत जमला.

१९६६ व १९६७ या दोन वर्षांत ध्वनिमुद्रित झालेली गाणी 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' या संग्रहात एकत्र प्रसिद्ध झाली. त्याचे शीर्षकगीत विल्यम बेल आणि बुकर टी. जोन्स यांनी रचले होते. 'क्रॉसकट सॉ', 'ओह, प्रिटी वुमन', 'लाँड्रोमॅट ब्लूज' ही गाणीही त्यात आहेत.

किंग यांचा श्रोतृवर्ग तोपर्यंत प्रामुख्याने कृष्णवर्णीय होता. १९६८ साली ही स्थिती बदलली. कार्यक्रम-आयोजक बिल ग्रॅहम यांनी त्यांना सॅन फ्रान्सिस्को येथे जिमी हेन्ड्रिक्स आणि जॉन मेयॉल यांच्यासोबत एकाच कार्यक्रमात वादनासाठी बोलावले. त्याच वर्षी ८ मार्च रोजी न्यूयॉर्कमधील 'फिलमोर ईस्ट' या सभागृहाच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमातही ते होते. जून १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फिलमोर ऑडिटोरियम'मधील कार्यक्रमांत ध्वनिमुद्रित केलेला 'लाइव्ह वायर/ब्लूज पॉवर' हा संग्रह तरुण, बहुतांशी श्वेतवर्णीय रॉक श्रोत्यांपर्यंत पोहोचला. १९६९ साली त्यांनी सेंट लुईस सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबतही वादन केले.

वादनशैली

किंग यांच्या वादनाचे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी गिटारच्या तारांची मांडणी लक्षात घ्यावी लागते. नेहमीच्या पद्धतीने धरलेल्या गिटारवर जाड तारा वरच्या बाजूस आणि बारीक तारा जमिनीच्या बाजूस असतात. किंग यांच्या हातात हा क्रम उलटा होत असे. स्वर वर नेण्यासाठी इतर वादक बारीक तारा बोटांनी वर ढकलतात, तर किंग त्या खाली ओढत. ओढताना हाताची पकड व ताकद अधिक चांगली वापरता येते. त्यातच ते तारा नेहमीपेक्षा पुष्कळ खालच्या स्वरांत, म्हणजे सैल लावत. त्यामुळे एकाच पडद्यावर बोट ठेवून ते स्वर बराच वर नेऊ शकत.

जिमी हेन्ड्रिक्स हेही डावखुरे होते आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरत. मात्र ते तारा बदलून त्यांचा नेहमीचा क्रम परत आणत. त्यामुळे दोघांची गिटार दिसायला सारखी उलटी असली, तरी हातांचे काम वेगळे होते.

सतारीवर तार आडवी खेचून मींड घेतली जाते, तिच्याशी या तंत्राचे साम्य आहे. ब्लूजमध्ये त्याला विशेष महत्त्व आहे. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधली जागा हे ब्लूज गायनाचे एक मर्मस्थान मानले जाते. पियानोवर ही जागा मिळत नाही आणि गिटारच्या पडद्यांवरही ती थेट सापडत नाही. तार खेचूनच तेथे पोहोचता येते. किंग त्या जागी कधी थांबत, कधी तिला ओझरता स्पर्श करून पुढे जात, तर कधी स्वर अपुरा ठेवून श्रोत्याला ताटकळत ठेवत. त्यामुळे त्यांचे वादन गळ्यातून निघाल्यासारखे वाटते.

किंग पिक (नखी) वापरत नसत. ते डाव्या हाताच्या अंगठ्याने तार छेडत. त्यामुळे आघात मांसल आणि भरीव येई. ते स्वरसंघात (कॉर्ड) क्वचितच वाजवत. गाण्याची ओळ संपली की गिटार तिला उत्तर देई आणि पुन्हा गाणे सुरू झाले की गिटार थांबे. चर्चमधील गायनात आणि शेतमजुरांच्या गाण्यांत एकाने म्हणायचे व इतरांनी उत्तर द्यायचे ही पद्धत जुनी आहे. किंग यांनी ही दोन्ही कामे स्वतःच्या गळ्यात आणि हातात वाटून घेतली.

त्यांच्याकडे वेगवान तानांचा साठा नव्हता. मोजक्याच स्वरवाक्यांची ते पुनःपुन्हा मांडणी करीत. प्रत्येक वेळी बदलत असे ती खेचण्याची मात्रा, आघाताचा जोर आणि दोन स्वरांमधील शांतता. रूढ शिक्षणाच्या दृष्टीने ज्या मर्यादा ठरल्या असत्या, त्याच त्यांच्या वादनाची ओळख ठरल्या. एका स्वरावरूनही वादक ओळखता यावा, हा ब्लूजमधील अलिखित निकष त्यांना पूर्णपणे लागू होतो.

तारा नेमक्या कोणत्या स्वरांत लावतात, हे किंग सहसा उघड करीत नसत. त्यांची गिटार जवळून पाहिलेल्या व्यक्तींनी दिलेली माहितीही परस्परांशी जुळत नाही. तारा सैल होत्या, एवढ्यावर मात्र सर्वांचे एकमत आहे.

वाद्य

किंग यांचे नाव गिब्सन कंपनीच्या 'फ्लाइंग व्ही' या गिटारशी कायमचे जोडले गेले. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची ही गिटार कंपनीने १९५८ साली बाजारात आणली, पण तिला मागणी मिळाली नाही. पहिल्या दोन वर्षांत अशा शंभरहूनही कमी गिटार तयार झाल्या. तिच्या दोन्ही बाजू सारख्या असल्याने ती उलटी धरणे सोयीचे होते. १९७२ साली डॅन अर्लवाइन या कारागिराने अक्रोडाच्या लाकडाची याच आकाराची एक गिटार किंग यांच्यासाठी बनवली.

प्रभाव

किंग यांच्या शैलीचे अनुकरण त्यांच्या हयातीतच मोठ्या प्रमाणावर झाले. १९६७ साली क्रीम या ब्रिटिश समूहाच्या 'स्ट्रेंज ब्रू' या गाण्यात एरिक क्लॅप्टन यांनी वाजवलेला गिटारचा भाग किंग यांच्या 'ओह, प्रिटी वुमन'मधील वादनावर आधारलेला आहे. पुढील वर्षी क्रीमने 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' हे गाणेही ध्वनिमुद्रित केले. १९७० सालच्या 'लैला' या गाण्याची प्रसिद्ध सुरुवात किंग यांनी गायिलेल्या 'अॅज द इयर्स गो पासिंग बाय'च्या चालीवरून डुआन ऑलमन यांना सुचली, असे मानले जाते. या अनुकरणातून रॉक संगीताच्या मोठ्या श्रोतृवर्गाला किंग यांचे स्वर परिचित झाले. परंतु ते कोणाचे आहेत, हे त्यांतील अनेकांना ठाऊक नव्हते.

टेक्सासचे स्टीव्ही रे व्हॉन हे त्यांचे सर्वात निष्ठावान अनुयायी मानले जातात. डेव्हिड बोवी यांच्या 'लेट्स डान्स' (१९८३) या गाण्यातील व्हॉन यांच्या वादनावर किंग यांची छाप स्पष्ट दिसते. ६ डिसेंबर, १९८३ रोजी कॅनडातील हॅमिल्टन येथील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात दोघांनी एकत्र वादन केले. व्हॉन तेव्हा २९ वर्षांचे आणि किंग ६० वर्षांचे होते. व्हॉन नेहमीच्या पद्धतीने धरलेल्या गिटारवर, जाड व ताणलेल्या तारांवर किंग यांच्या जागा घेत होते. किंग त्याच जागा सैल तारांवर सहज घेत होते. वाद्याची रचना आणि तारा भिन्न असूनही भाव एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, याचे हे ध्वनिमुद्रण उत्तम उदाहरण आहे. ते 'इन सेशन' या नावाने १९९९ साली प्रसिद्ध झाले. व्हॉन यांचा १९९० साली हेलिकॉप्टर अपघातात, किंग यांच्या आधीच मृत्यू झाला होता.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

१९७२ साली 'आय विल प्ले द ब्लूज फॉर यू' हा किंग यांचा आणखी एक गाजलेला संग्रह आला. १९७५ च्या अखेरीस स्टॅक्स कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्यानंतर त्यांनी इतर कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रण केले. 'सॅन फ्रान्सिस्को '८३' आणि 'आयॅम इन अ फोन बूथ, बेबी' (१९८४) हे त्यांचे उत्तरकालीन संग्रह आहेत. पुढे ध्वनिमुद्रण कमी झाले, तरी कार्यक्रमांचे दौरे त्यांनी थांबवले नाहीत.

१९ डिसेंबर, १९९२ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. दोनच दिवसांनी मेम्फिस येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. मेम्फिसमधील बील स्ट्रीट या ब्लूजसाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्यावरून त्यांची अंत्ययात्रा निघाली आणि तीत मेम्फिस हॉर्न्सच्या कलाकारांनी वादन केले. आर्कान्सामधील एडमंडसन येथील पॅराडाइज गार्डन्स दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. लहानपणी त्यांनी कापूस वेचला तो प्रदेश याच राज्यात आहे.

सन्मान

१९८३ साली किंग यांचा समावेश 'ब्लूज हॉल ऑफ फेम'मध्ये झाला. 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांना मरणोत्तर, २०१३ साली स्थान मिळाले. त्यांच्या शैलीवर उभे राहिलेले क्रीम (१९९३) आणि एरिक क्लॅप्टन (२०००) यांना हा सन्मान त्यांच्या आधी मिळाला होता.