कानपूरचे हरीश-चंद्र आणि न संपणाऱ्या मॅट्रिक्स

शाळेत असताना आपल्याला रामानुजन भेटले, रामन भेटले, भाभाही भेटले. हरीश-चंद्र मात्र भेटले नाहीत. रामानुजन यांच्यानंतर भारतात जन्मलेला सर्वांत मोठा गणिती म्हणून अनेक जाणकार ज्यांचे नाव घेतात, त्या माणसाची ओळख आपल्या स्मरणिकेतून करून द्यावी असे बरेच दिवस मनात होते. मधले दोन परिच्छेद गणिताचे आहेत. कला शाखेला गेलेल्या मित्रमैत्रिणींनी ते ओलांडून पुढे गेल्यास राग नाही.

हरीश-चंद्र यांचा जन्म कानपूरचा, 11 ऑक्टोबर 1923चा. वडील पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. मुलगा नाजूक प्रकृतीचा. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले आणि नवव्या वर्षी त्यांना एकदम सातवीत बसवले. वर्गातली बाकीची मुले अर्थातच मोठी होती. पुढे अलाहाबाद विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिरॅक यांचे क्वांटम मेकॅनिक्सवरचे पुस्तक हाती पडले आणि या मुलाने ठरवून टाकले की आयुष्य सैद्धांतिक भौतिकशास्त्रालाच द्यायचे. तिथे के. एस. कृष्णन यांचे मार्गदर्शन मिळाले. 1943मध्ये एम.एस्सी. झाल्यावर ते बंगळूरला होमी भाभांकडे गेले.

याच काळातला एक धागा आपल्याला जवळचा वाटेल. अलाहाबादला हरीश-चंद्र यांना फ्रेंच शिकवणाऱ्या बाई काळे आडनावाच्या. काळे कुटुंब पुढे बंगळूरला गेले आणि तिथे हे विद्यार्थी त्यांच्याच घरी राहिले. त्या घरची लेक ललिता तेव्हा लहान होती. 1952मध्ये हरीश-चंद्र यांचा विवाह तिच्याशी झाला. 1952-53चे वर्ष त्यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढले. संस्था त्या वेळी गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती.

पण त्याआधी केंब्रिज. 1945मध्ये ते तिथे गेले ते थेट डिरॅक यांचे विद्यार्थी म्हणून. डिरॅकनी दिलेला विषय होता लॉरेन्ट्झ गटाच्या अनंत आकाराच्या मॅट्रिक्स-रूपांचा. म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. एखादी वस्तू फिरवणे ही क्रिया मॅट्रिक्सने लिहिता येते, आणि अशा सर्व फिरवण्यांचा मिळून एक गट होतो. फिरवल्याने लांबी बदलत नाही. अशा लांबी जपणाऱ्या मॅट्रिक्सला युनिटरी म्हणतात. तिच्यातला कोणताही आकडा मूल्याने 1च्या वर जात नाही. आता सापेक्षतेत फिरवण्याच्या जोडीला वेग बदलणेही येते. प्रकाशाच्या 0.6 पट वेगाच्या गाडीत बसा, तर काळ आणि अंतर यांची सरमिसळ करणाऱ्या मॅट्रिक्समध्ये 1.25 आणि 0.75 हे आकडे येतात. तीच मॅट्रिक्स स्वतःशी गुणा, 2.125 आणि 1.875 येतात. पुन्हा गुणा, आणखी मोठे. याला अंत नाही. जिथे आकडे असे बेलगाम वाढतात तिथे लांबी जपली जात नाही, मॅट्रिक्स युनिटरी राहत नाही. आणि ही अडचण 2×2पुरती नाही. चार ओळींची घ्या की चारशे ओळींची, लॉरेन्ट्झ गटाची मर्यादित आकाराची खरी युनिटरी रूपे मिळतच नाहीत.

मग बिघडले कुठे? क्वांटम सिद्धांतात लांबी म्हणजे एकूण संभाव्यता, आणि ती 1च राहिली पाहिजे. म्हणून भौतिकशास्त्राला युनिटरी रूप हवेच. ते हवे असेल तर मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ दोन्ही न संपणारे घ्यावे लागतात. गंमत अशी की खुद्द डिरॅकनी इलेक्ट्रॉनसाठी वापरलेली चार घटकांची रचना वेग बदलताना युनिटरी नसते, तरी ती आपले काम चोख करते. तेव्हा युनिटरी नसलेली रूपेही टाकाऊ नाहीत. हरीश-चंद्र यांचा लॉरेन्ट्झ गटावरचा निबंध 1947मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बार्गमन यांनी आणि तिकडे मॉस्कोत गेलफांड व नायमार्क यांनी स्वतंत्रपणे याच जातीचे प्रश्न सोडवले. तिघीकडे एकाच वेळी दिवा लागला म्हणायचा.

त्याच वर्षी डिरॅक वर्षभरासाठी प्रिन्स्टनला गेले आणि हरीश-चंद्र त्यांचे सहायक म्हणून सोबत गेले. खरी उलथापालथ इथे झाली. आपल्या निबंधातल्या काही सिद्धता पक्क्या नाहीत ही बोच त्यांना होती. ती त्यांनी डिरॅकना बोलून दाखवली, तर डिरॅकना सिद्धतेची फिकीर नव्हती, निसर्ग काय करतो एवढ्यातच त्यांना रस होता. भौतिकशास्त्रात पुढे जायला लागणारी ती आतली जाण आपल्याकडे नाही, असे हरीश-चंद्र यांना कळून चुकले, आणि वयाच्या चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी त्यांनी ते शास्त्र सोडले. भाभा आणि डिरॅक असे दोन गुरू लाभलेल्या तरुणाने असे करणे म्हणजे भरल्या ताटावरून उठण्यासारखे होते. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या प्रमेयांपेक्षा हा निर्णय अवघड होता.

प्रिन्स्टनला वाइल, शेवाली, आर्टिन अशी मंडळी होती. पुढे हार्वर्डला झारिस्की भेटले. 1950 ते 1963 ते कोलंबिया विद्यापीठात होते. या काळात त्यांनी जे हाती घेतले ते एका लॉरेन्ट्झ गटापुरते राहिले नाही. त्या जातीच्या सर्व गटांची सर्व अनंत रूपे त्यांना हवी होती. नुसती युनिटरी रूपे वेचायला गेले तर वाट मिळत नाही, म्हणून त्यांनी युनिटरी असोत वा नसोत, सगळीच रूपे अंगावर घेतली. युक्ती अशी : मॅट्रिक्स अनंत असली तरी गटातल्या फक्त फिरवण्यांपुरते पाहिले की तिचे मर्यादित आकाराचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक प्रकारचा तुकडा मोजक्याच वेळा येतो. या तुकड्यांवर बैजिक पकड बसवता येते. आणखी एक अडचण होती. साध्या मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज ही तिची ओळख असते, पण अनंत मॅट्रिक्समध्ये ती बेरीज जुळतच नाही. सरासरी घेऊन तिला अर्थ देता येतो हे त्यांनी दाखवले, आणि मग बऱ्याच वर्षांच्या खटपटीने हेही सिद्ध केले की त्यातून निघते ते साधे फलनच असते. 1954मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे कोल पारितोषिक त्यांना मिळाले. 1960च्या दशकाच्या मध्यावर, बार्गमन यांना सर्वांत छोट्या गटात सापडलेली सुट्या रूपांची माळ कोणकोणत्या गटांत असते याचे पूर्ण उत्तर त्यांनी दिले. ही रूपे वापरून कोणतेही योग्य फलन पुन्हा कसे जुळवायचे, त्याचे सूत्र 1976पर्यंत पुरे झाले. म्हणजे हिशेब केला तर जवळजवळ तीस वर्षे एकच वाट.

त्यांची चित्रकलेची ओढ मोठी होती. सेझान आणि व्हॅन गॉग त्यांचे आवडते, आणि तरुणपणी ते स्वतः रंगवतही. ते पुढे मागे पडले.

1963पासून ते प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीत कायमचे प्राध्यापक होते. 1973मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. कामाची झीज शरीराला मात्र सोसली नाही. 1969मध्ये हृदयविकाराचा पहिला झटका आला आणि नंतरही येत राहिले. काम कमी करणे त्यांना जमले नाही.

ऑक्टोबर 1983मध्ये प्रिन्स्टनला आर्मां बोरेल यांच्या साठीनिमित्त परिषद भरली होती. हरीश-चंद्र यांनाही नुकतीच साठ वर्षे पूर्ण झाली होती. आपल्यातल्या बहुतेकांचे आजचे वय तेच. रविवारी, 16 तारखेला, परिषदेला आलेली बरीच मंडळी त्यांच्या घरी जमली होती. पाहुणचार झाला. दुपार कलल्यावर ते नेहमीसारखे फिरायला बाहेर पडले आणि त्या फेरीतच त्यांचे निधन झाले.

पुढल्या वर्षी त्यांचे समग्र लेखन चार खंडांत निघाले. अलाहाबादची मेहता संशोधन संस्था आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या असंख्य रूपांपैकी नेमकी कोणती युनिटरी, याची संपूर्ण यादी त्यांच्या हयातीत झाली नाही. ती करणाऱ्या पुढच्या पिढीने सुरुवात त्यांच्याच कामापासून केली.